एकाचा पाय वर, एकाचा खाली

साडू हे नातं मोठं चमत्कारिक असतं. भाऊ आईबापांनी दिलेला, बायको आपण पसंत केलेली, पण साडू हा बायकोच्या बहिणीने पसंत केलेला असतो आणि त्यात आपलं मत कुणी विचारत नाही. त्याच्याशी कडाडून भांडावं इतका तो जवळचा नाही, रस्त्यात दिसला तर मान वळवून पुढे जावं इतका लांबचाही नाही. घरात चार माणसं जमली की दोन साडूंना एका सोफ्यावर बसवतात आणि बायका आत निघून जातात. मग दोघं हवेबद्दल बोलतात. हवा संपली की गुडघ्यांबद्दल बोलतात.

आपल्या चष्मेवाल्याचं नशीब एवढंच चांगलं की त्याच्या साडूला बेस गिटार वाजवता येत होती. चष्मेवाला हा थोरला जावई. चौकात त्याचं चष्म्यांचं छोटं दुकान होतं, आणि दुकानाचं शटर ओढलं की तो आपली सहा तारांची गिटार मांडीवर घ्यायचा. साडू धाकटा जावई. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसभर अंधाऱ्या खड्ड्यात उभा राहून वर बघायचा आणि संध्याकाळी चार जाड तारांच्या बेस गिटारवर खालचे, भरदार सूर काढायचा. दोघांच्या मध्ये बसायचा मेहुणा, म्हणजे दोघांच्या बायकांचा सख्खा भाऊ. तो लोकांना मोटार चालवायला शिकवायचा आणि ड्रम वाजवायचा. दर शुक्रवारी संध्याकाळी हे तिघं कोपऱ्यावरच्या कॅफेत वाजवत. ऐकायला फार माणसं नसत, पण जी असत ती पुन्हा येत.

मग मेहुण्याच्या कानात शिटी वाजायला लागली. आधी अधूनमधून, मग दिवसभर. डॉक्टरांनी तपासलं आणि ड्रमला आता हात लावायचा नाही असं बजावलं. मेहुण्याने काड्या कपाटात ठेवल्या, ड्रम एका शाळेला देऊन टाकले आणि दोन्ही भाऊजींना म्हणाला, “आता तुम्ही दोघंच वाजवा. मी समोर बसून ऐकेन.”

हे बोलताना तो गालातल्या गालात हसला. का हसला ते चष्मेवाल्याला समजलं नाही. त्या दिवसांत त्याला जे जे समजलं नाही त्यातली ही पहिली गोष्ट.

पहिल्याच रविवारी दुपारी साडू बेस आणि स्पीकरचा डबा घेऊन आला. चष्मेवाल्याच्या बाहेरच्या खोलीत दोघं बुटक्या स्टुलांवर समोरासमोर बसले. सुरुवात हातखंडा चालीने करायची असं ठरलं. ही चाल चष्मेवाल्याने स्वतः बांधलेली होती आणि तिघांच्या हातात इतकी मुरलेली होती की झोपेतून उठवलं तरी चुकली नसती. कॅफेत लोक तिला ‘ती झुलणारी’ म्हणत. गिटारचा एक झटका, बेसचा एक ठोका, पुन्हा गिटार, पुन्हा बेस, अशी ती डुलत चालायची.

“मोजू?” चष्मेवाल्याने विचारलं.

“मोजा,” साडू म्हणाला.

“एक, दोन, तीन, चार.”

आणि दोघं एकमेकांवर आदळले. गिटारचा झटका आणि बेसचा ठोका एकदमच पडला, मग दोघंही गप्प, मग पुन्हा एकदम. एका दारातून दोन माणसं एकाच वेळी आत शिरायला लागली की खांद्याला खांदा घासतो, तसं चाललं होतं. झुलणारी काही झुलेना. थांबले, पुन्हा मोजलं, पुन्हा आदळले.

“तुम्ही लवकर येताय,” चष्मेवाला म्हणाला.

“मी वेळेवर येतोय. तुम्ही लवकर येताय.”

“मी कसा लवकर येईन? मीच तर मोजतोय.”

साडूने यावर विचार केला. तो खरोखर विचार करणारा माणूस होता, त्यामुळे त्याच्याशी भांडायला फार वेळ लागायचा. “तुमचं बरोबर आहे,” तो शेवटी म्हणाला. “पण मग माझंही बरोबर आहे.”

आता याला काय म्हणावं? चष्मेवाल्याने सगळा दोष ड्रमच्या नसण्यावर टाकला. मधली जागा रिकामी राहतेय, ती भरली पाहिजे, असं म्हणून तो एकाच्या जागी तीन झटके मारायला लागला. साडूलाही ते पटलं आणि त्याने स्पीकरचा आवाज वाढवला. खोलीत नुसता कल्लोळ माजला. शेजारणीने भिंतीवर थापा मारल्या. त्या मात्र अगदी ठेक्यात होत्या.

बुधवारी संध्याकाळी साडू पुन्हा आला. या खेपेला चष्मेवाल्याने डोकं चालवलं होतं. “मेहुणा असताना आपण कधी मोजायचो का?” त्याने विचारलं. मोजत नसत. चष्मेवाला एकटाच सुरू करायचा, मग मेहुणा ड्रमवर एक लांबलचक गडगडाट करायचा आणि त्या गडगडाटातून बेस बाहेर यायची. झालं तर मग. तसंच करायचं.

चष्मेवाल्याने सुरू केलं. एक फेरी झाली, दोन झाल्या. साडू तारांवर बोटं ठेवून तसाच बसून राहिला. त्याची नजर खोलीच्या कोपऱ्यावर खिळली होती. तिथे छत्र्या ठेवायची बरणी होती.

“या ना,” चष्मेवाला वाजवता वाजवता म्हणाला.

“कुठे येऊ? गडगडाट कुठाय?”

“तोंडाने करू का?”

त्याने तोंडाने केला. तो ऐकून आतून बायकोने काय झालं म्हणून विचारलं. पण आश्चर्य म्हणजे त्या विचित्र आवाजानंतर साडू आत शिरला आणि चाल क्षणभर नीट झुलली. चष्मेवाल्याला इतका आनंद झाला की तो “हां, असंच, एक, दोन, तीन, चार,” असं मोठ्याने मोजायला लागला. त्यासरशी साडू अडखळला, घसरला आणि थेट त्याच्या झटक्यावर येऊन पडला. आणखी एकदा तसंच झालं. गाडं सरळ चाललेलं असताना मोजलं की बिघडत होतं, हे काय गौडबंगाल होतं ते दोघांनाही उमगेना. शेवट करायचा तर त्याहून पंचाईत. शेवट म्हणजे मेहुण्याची झांज. ती दणकन वाजली की सगळं संपायचं. आता एक जण थांबला की दुसरा एकटाच पुढे जात होता आणि ओशाळून मागे फिरत होता.

साडूने वायर गुंडाळायला घेतली. तो वायर फार नीट गुंडाळायचा, लिफ्टवाल्याचीच सवय ती. “येत्या शुक्रवारी नाही, त्याच्या पुढच्या शुक्रवारी कॅफेवाल्या बाईंना हो म्हणून बसलोय,” तो वायरीकडे बघत म्हणाला. “तेव्हा जाऊ. जमलं तर जमलं. नाहीतर मी बेस माळ्यावर टाकतो. तुम्ही मनाला लावून घेऊ नका.”

चष्मेवाल्याने ते मनाला लावून घेतलं. साडू गेल्यावर तो स्टुलावर बसूनच राहिला. त्याला भीती वाटत होती, आणि ती कशाची ते त्याला चांगलं माहीत होतं. बेस माळ्यावर गेली की पुन्हा सोफा, हवा आणि गुडघे. त्याचे वडील गेले तेव्हा साडू येऊन बसला होता आणि अख्ख्या दुपारभरात एक शब्द बोलला नव्हता. पण पुढच्या शुक्रवारी त्याने बेस इतकी हळू, इतकी जपून वाजवली की चष्मेवाल्याला मान खाली घालून डोळे पुसावे लागले. या माणसावर आपला जीव आहे. हे त्याला तोंडाने कधीच सांगता येणार नव्हतं, आणि ज्या एका रस्त्याने ते पोचत होतं तो आता बंद व्हायची वेळ आली होती.

रविवारी दोघं पुन्हा बसले. मोजायचं नाही, तोंडाने गडगडाट करायचा आणि जाईल तितकं जाऊ द्यायचं, एवढंच ठरलं. चाल धडपडत का होईना सुरू झाली. तेवढ्यात चष्मेवाल्याची बायको हातात टॉर्च घेऊन बाहेर आली.

“तुमचं चालू द्या,” ती म्हणाली. “माझं कानातलं इकडे कुठेतरी पडलंय.”

ती जमिनीवर आडवी झाली आणि दिवाणाखाली टॉर्च मारून शोधायला लागली. थोड्या वेळाने टॉर्च दिवाणाखालून बाहेर आला आणि दोघांच्या पायांवर स्थिरावला. ती गाल फरशीला टेकवून बराच वेळ बघत राहिली.

“अहो,” ती म्हणाली, “तुम्ही दोघं मिळून सायकल चालवताय का?”

“काय?”

“एकाचा पाय वर जातो तेव्हा दुसऱ्याचा खाली येतो. मघापासून बघतेय. एकदासुद्धा दोन्ही पाय एकदम खाली आले नाहीत.”

दोघांनी वाजवता वाजवताच खाली बघितलं. चष्मेवाल्याची चप्पल त्याच्या गिटारच्या प्रत्येक झटक्याला फरशीवर पडत होती. साडूचा मोज्यातला पाय बेसच्या प्रत्येक ठोक्याला. एक खाली, एक वर. वाजणं आपोआप थांबलं.

“तुम्ही पाय उलटा का टाकताय?” चष्मेवाल्याने विचारलं.

“माझा सुलटा आहे,” साडू म्हणाला. “मला वाटलं तुमचा उलटा आहे.”

मग दोघांनी सावकाश, एकेक झटका आणि एकेक ठोका वाजवून बघितला, आणि घोळ उघड्यावर आला. चष्मेवाल्याच्या हिशेबाने गिटारचा झटका हाच खरा ठोका; बेस आपली मधल्या फटीत वाजते. साडूच्या हिशेबाने बेस हाच खरा ठोका, आणि गिटार मधल्या फटीत. एकाचं घर ते दुसऱ्याचं अंगण. म्हणून तर ‘एक, दोन, तीन, चार’ म्हटलं की दोघंही आपापला खरा ठोका गाठायला धावत आणि टाळकी आपटत. इतकी वर्षं दोघं शेजारी बसून दोन वेगळ्या चाली वाजवत होते आणि एकच वाजवतोय असं समजत होते.

“सापडलं,” बायको म्हणाली. तिला कानातलं सापडलं होतं. ते कानात अडकवत ती आत निघून गेली.

मग चष्मेवाला म्हणाला, “चाल माझी आहे.” त्याला ते इतक्या मोठ्याने म्हणायचं नव्हतं.

“तुमचीच आहे,” साडू म्हणाला. “म्हणजे इतकी वर्षं मी चुकीचं वाजवत होतो.”

“चुकीचं नाही. छान वाजवत होता.”

“छान वाजत होतं म्हणजे बरोबर होतं असं नाही.” साडूने वायर गुंडाळली. आज ती त्याने नीट गुंडाळली नाही. कॉफी अर्धी तशीच ठेवून तो गेला.

पुढचे दिवस चष्मेवाल्याचं दुकानात लक्ष लागेना. चाल आपली, तेव्हा आपलंच खरं, असं तो काउंटरमागे उभा राहून स्वतःला बजावत होता. पण ‘खरं’ हा शब्द मनात आला की तो पुन्हा पहिल्यापासून बजावायला लागायचा. एक वयस्क बाई नंबर तपासायला आल्या. त्यांना खुर्चीत बसवून तो नेहमीसारखा काचा बदलत होता. “ही बरी, की ही?”

“दोन्हींनी दिसतंय,” बाई म्हणाल्या.

“पण जास्त स्पष्ट कोणत्या काचेने?”

“पहिलीने. नाही, दुसरीने. पुन्हा पहिली दाखवा बघू.” बाई वैतागल्या. “तुम्ही रोज हेच काम करता ना, मग तुम्हीच सांगा की.”

एरवी तो हसला असता. आज तो काच हातात धरून तसाच उभा राहिला, तेव्हा बाईंनी तुमची तब्येत बरी आहे ना म्हणून चौकशी केली.

बाई गेल्यावर त्याने दुकानात कुणी नाही असं बघून काउंटरवर बोटांनी ठेका धरला आणि ती चाल साडूच्या बाजूने ऐकायचा प्रयत्न केला. म्हणजे बेस हाच ठोका मानायचा आणि आपली गिटार फटीत. पहिल्यांदा जमेना. मन लगेच उलटून आपल्या जागी येऊन बसायचं. मग केव्हातरी, एका चष्म्याचा स्क्रू पिळताना, ध्यानीमनी नसताना ती चाल उलटली. चांगल्या दोनेक फेऱ्या ती तशीच त्याच्या डोक्यात वाजत राहिली. ती अगदी वेगळी होती. खाली एक भारदस्त माणूस रमतगमत चालला होता आणि वरून कुणीतरी त्याला हलकेच टपल्या मारत होतं. चष्मेवाल्याने स्क्रू तसाच अर्धवट सोडला. ही चाल त्याच्या चालीपेक्षा चांगली होती. आपणच बांधलेली आणि आपण कधी न ऐकलेली. हसावं की रडावं हे त्याला कळेना. थोडा वेळ त्याला साडूचा रागही आला.

गुरुवारी दुपारी दुकान बंद करून तो मेहुण्याला गाठायला गेला. मेहुणा एका शिकाऊ माणसाला सोडून मैदानाशेजारी गाडी लावून बसला होता. त्याच्या कानांत कापसाचे बोळे होते. चष्मेवाला स्टिअरिंगमागच्या सीटवर बसला, कारण दुसरीवर मेहुणा होता. या गाडीत मेहुण्याच्या पायांशीही एक ब्रेक होता.

“कळलं वाटतं,” मेहुणा म्हणाला.

“तुला कुणी सांगितलं?”

“दोघी बहिणींचा फोन झाला की मला न कळायला काय झालं?”

“तुला आधीपासून माहीत होतं?”

“पहिल्या महिन्यापासून.”

चष्मेवाल्याला तोंडात मारल्यासारखं झालं. “मग बोलला का नाहीस?”

“काय बोलू, भाऊजी? पायाने मोठा ड्रम धाकट्या भाऊजींबरोबर वाजवायचो, हातांनी छोटा तुमच्याबरोबर. सुरुवातीला गडगडाट करून दोघांना आपापल्या जागी बसवून द्यायचो. शेवटी झांज अशी हाणायचो की कुणाचा शेवट कुठे झाला ते कुणालाच कळू नये.” मेहुण्याने पायाशी असलेल्या ब्रेकवर बूट टेकवला. “शिकाऊ माणूस गाडी थांबवतो तेव्हा त्याला वाटतं, मीच थांबवली. आपण मूग गिळून बसायचं.”

“म्हणजे आम्ही दोघं शिकाऊ.”

“तुम्ही दोघं खुशीत होता. सांगितलं असतं तर एकाला बदलावं लागलं असतं. साडूंमध्ये आधी कोण बदलणार?”

“पण खरं कुणाचं?” चष्मेवाल्याने विचारलं. “लोक टाळ्या कुणाबरोबर वाजवायचे?”

“अर्धे तुमच्याबरोबर, अर्धे त्यांच्याबरोबर. माझ्या कानांचं उगाच नाही वाटोळं झालं.” मेहुणा हसला, आणि मग हसायचा थांबला. “खरं सांगू? मला वाटलं होतं, माझ्याशिवाय तुम्हाला एक रविवारसुद्धा निभणार नाही. तसंच झालं. वाईट वाटायला पाहिजे होतं मला. पण बरं वाटलं.”

चष्मेवाला घरी येईपर्यंत त्याच्या मनाने घेतलं होतं. आपण बदलायचं. उद्या चार मोजायचे, पहिल्या ठोक्याला हात आवरून धरायचा, तिथे साडूला येऊ द्यायचं आणि मग मागून फटीत शिरायचं. आधी सांगायचं मात्र नाही. सांगितलं तर साडू संकोचेल, विचार करायला लागेल, आणि त्याचा विचार होईपर्यंत शुक्रवार उलटून जाईल. त्याने फोन करून फक्त वेळ विचारली.

“उद्या मोजायचं का?” साडूने विचारलं.

“मोजू या. मीच मोजतो.”

“मोजा,” साडू म्हणाला. त्याच्या आवाजात कसलंतरी समाधान होतं. चष्मेवाल्याला ते कळलं नाही, पण कळत नसण्याची एव्हाना त्याला सवय झाली होती.

शुक्रवारी कॅफेत बरीच टेबलं भरलेली होती. पहिल्या टेबलाशी दोघी बहिणी आणि त्यांच्यामध्ये मेहुणा, कानांत बोळे, समोर पाण्याचा ग्लास आणि कॉफी. कोपऱ्यात, जिथे ड्रम असायचे, तिथे कॅफेवाल्या बाईंनी फुलझाडाची कुंडी आणून ठेवली होती. दोघं उंच स्टुलांवर बसले. साडूचा चेहरा नेहमीसारखाच होता. चष्मेवाल्याने सुरात असलेली गिटार पुन्हा एकदा लावून बघितली.

“एक, दोन, तीन, चार.”

आणि काहीच झालं नाही.

पहिल्या ठोक्याला चष्मेवाल्याने कष्टाने हात आवरून धरला, पण बेस आली नाही. कुठे गेली, असं त्याच्या मनात येतंय तोवर फट आली. ठरल्याप्रमाणे त्याने झटका मारला आणि नेमक्या त्याच क्षणी बेसही दणकली. दोघं पुन्हा एकमेकांवर आदळले, आधीपेक्षा जोरात, आणि थांबले. हीच सुरुवात असेल असं समजून मागच्या टेबलावरच्या कुणीतरी टाळी वाजवली. पहिल्या टेबलाशी मेहुण्याने कपाळावर हात मारला.

चष्मेवाल्याने वळून बघितलं. साडू त्याच्याकडेच बघत होता.

“तुम्ही आला का नाहीत?” चष्मेवाल्याने हलक्या आवाजात विचारलं.

“चाल तुमची आहे,” साडू म्हणाला. “म्हटलं, आपणच बदलावं. आठवडाभर लिफ्टच्या खड्ड्यात तेच घोकतोय. तुम्ही का आला नाहीत?”

“मीही तेच घोकत होतो. दुकानात.”

साडूने विचार केला. या वेळी त्याला वेळ लागला नाही. त्याचे खांदे हलायला लागले, मग मान, आणि मग तो चक्क हसला. इतक्या वर्षांत चष्मेवाल्याने त्याला असं दात दाखवून हसताना बघितलं नव्हतं. डाव्या बाजूला त्याचा एक दात नव्हता, हेही त्याला आजच कळलं. एकदा दोघं एकदम दारात घुसले होते, आज दोघं ‘आधी तुम्ही’ म्हणत बाहेर उभे होते, आणि दोन्ही वेळा आत कुणीच गेलं नव्हतं. आपल्यासाठी हा माणूस अंधारात उभा राहून आठवडाभर चाल उलटी घोकत होता, असं चष्मेवाल्याच्या मनात आलं.

हसू आवरता आवरता साडूने, कुणाला काही न विचारता, एकट्यानेच बेस सुरू केली. असं पूर्वी कधी झालं नव्हतं. न मोजता, गडगडाटाशिवाय, चार जाड तारांवरचा तो भारदस्त माणूस रमतगमत चालायला लागला. चष्मेवाला लगेच शिरला नाही. तो ऐकत राहिला. त्याचा पाय सवयीने ठेका धरायला शिवशिवत होता. त्याने तो उचलून स्टुलाच्या दांडीवर ठेवला, दुसराही ठेवला. साडूने ते बघितलं आणि आपलेही दोन्ही पाय दांडीवर घेतले.

मग चष्मेवाल्याने फटीत एक झटका टाकला. हलका. पुढची फट रिकामीच सोडली, आणि ती रिकामी फट ऐकायला त्याला बरी वाटली. त्याच्या पुढच्या फटीत पुन्हा एक. साडूने एक सूर गाळला, तिथे तो गेला. तो थबकला, तिथे साडू आला. आता खरा ठोका कुठला? एका फेरीत गिटारचा वाटायचा, पुढच्या फेरीत चाल उलटायची आणि तो बेसचा व्हायचा. काही वेळा दोन्हीही खोटे वाटायचे. मागच्या टेबलावर एक बाई टाळ्या वाजवत होती आणि तिच्या शेजारचा माणूस बरोबर तिच्या टाळ्यांच्या मध्ये वाजवत होता, आणि दोघं एकमेकांकडे रागाने बघत होते. चष्मेवाल्याला काही म्हणता काही कळत नव्हतं, पण हात चुकत नव्हता.

चाल छान झुलली आणि झुलतच राहिली, कारण ती थांबवायची कशी हे दोघांपैकी कुणालाच माहीत नव्हतं. अजून एक फेरी झाली. आणखी एक. साडूने भुवया उचलून विचारलं. चष्मेवाल्याने भुवया उचलूनच उत्तर दिलं की मलाही माहीत नाही. तेवढ्यात त्याला पहिल्या टेबलाशी हालचाल दिसली. मेहुण्याने कॉफीचा चमचा उचलून पाण्याच्या ग्लासावर धरला होता. त्याचे डोळे विचारत होते, मारू का? एक ठण् झालं असतं की दोघं एकदम थांबले असते, नेहमीसारखे, आणि कुणाचा शेवट कुठे ते झाकलं गेलं असतं.

चष्मेवाल्याने नजर वळवली आणि साडूच्या बोटांकडे बघितलं. त्याने एक शेवटचा झटका मारला आणि पंजा तारांवर दाबून धरला. गिटार गप्प झाली. आता जी फट आली ती साडूची होती, किंवा साडूच्या हिशेबाने ती फट नव्हतीच, तोच खरा ठोका होता. साडू येईल, की आताही तुमची चाल म्हणून तुमचाच शेवट म्हणेल?

बेसचा सूर आला. खालचा, लांब, अजिबात घाई नसलेला. तो पुरता विरेपर्यंत कॅफेत कुणी कप उचलला नाही.

मेहुण्याने चमचा खाली ठेवला, आवाज होऊ न देता. तो हसत होता आणि त्याचे डोळे भरले होते. त्यातलं कुठलं खरं ते चष्मेवाल्याला सांगता आलं नसतं. मग टाळ्या सुरू झाल्या, त्यांना काही ठेका नव्हता.

टाळ्या चालू असताना साडू त्याच्याकडे वाकला.

“रविवारी येतो,” तो म्हणाला. “पण तुमच्याकडच्या स्टुलांना पाय ठेवायला दांडी नाही. माझी दोन घेऊन येतो.”